गुरुवारची चांदणी

गाडीमास्तरांनी खुर्चीत बसल्या बसल्या आजवर किती माणसांना कुठकुठे पाठवलं असेल, त्याची मोजदादच नाही. कुणाची बदली झाली, कुणाची मुलाखत निघाली, कुणाची सासू आजारी पडली, की माणूस आधी त्यांच्या दाराशी यायचा. मास्तर डोळे मिटायचे आणि सांगायचे, "सकाळची सहा-दहा पकडा. जंक्शनला नऊ-पाच. तिथे जिना चढू नका, समोरच दुसरी उभी असते." माणूस तसा जायचा, तसा पोचायचा आणि परत आल्यावर चार लोकांत मास्तरांचं नाव काढायचा.

गाडीमास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे, आणि रेल्वेशी त्यांचा नोकरीचाही संबंध नव्हता. रेल्वेचं वेळापत्रक ज्या छापखान्यात छापलं जायचं तिथे ते सत्तावीस वर्षं प्रुफं तपासत होते. वर्षातून दोनदा ते जाडजूड पुस्तक अक्षरन् अक्षर, आकडान् आकडा डोळ्यांखालून घालायचं, शेवटच्या पानावर लाल शाईनं 'ठीक, छापावे' लिहायचं आणि खाली सही करायची. त्यामुळे सगळ्या गाड्या त्यांना तोंडपाठ होत्या. फक्त एक गोष्ट चाळीतल्या कुणालाच ठाऊक नव्हती. मास्तर स्वतः आजवर एकटे एका स्टेशनापलीकडे गेले नव्हते. एका स्टेशनापलीकडे कशाला, एका स्टेशनापर्यंतही गेले नव्हते.

हे ठाऊक होतं ते एकट्या बायकोला. प्रवासात तिकिटं तिच्याकडे, पिशव्या तिच्याकडे, फलाट विचारणं तिच्याकडे, जागेसाठी भांडणंही तिच्याचकडे. मास्तर खिडकीशी बसायचे आणि म्हणायचे, "आता सात मिनिटांनी नदी येईल." सात मिनिटांनी नदी यायची. मग ती आपणच आणल्यासारखा चेहरा करून ते बायकोकडे बघायचे. ती बिचारी "आली हो," म्हणायची. दुसऱ्याच्या नवऱ्याचं पितळ उघडं पाडायला माणूस तयार असतं, स्वतःच्या नवऱ्याचं झाकूनच ठेवावं लागतं.

तर बुधवारी दुपारी तीनला घरात फोन वाजला. मुलीचा होता. मुलगी दूरच्या शहरात राहायची, आणि तिथल्या वेधशाळेत निरीक्षक म्हणून तिची निवड झाली होती. चारशे अर्जांतून एक जागा. चार वर्षं ती या जागेसाठी झुरत होती.

"बाबा, पदवीचं मूळ प्रमाणपत्र मागताहेत. उद्या दुपारी एकच्या आत. नाहीतर यादीतल्या दुसऱ्याला बोलावणार म्हणतात."

"नक्कल दिलीस ना? शिक्का मारलेली?"

"नक्कल चालत नाही बाबा! तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं, माझं प्रमाणपत्र माझ्याजवळ राहू द्या!"

तिचं खरंच होतं. छापखान्याचा नियम असा, की मूळ प्रत दाराबाहेर जात नाही. बाहेर फिरतात ती प्रुफं. तोच नियम मास्तरांनी घराला लावला होता. मुलीनं हातापाया पडून मागितलं तरी पदवी त्यांनी कपाटात कुलपात ठेवली आणि तिला तीन नकला देऊन वाटेला लावलं होतं. आता पोरीच्या आवाजात रडू होतं आणि ते आपल्यामुळे आहे, हे कळायला काही प्रूफ तपासायची गरज नव्हती.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "आजची शेवटची दोन-पन्नासला गेली. उद्याची सहा-दहा. जंक्शन नऊ-पाच. तिथून नऊ-पंचवीसची फाट्याची गाडी, तुझ्या शहरात बारा-दहा. पन्नास मिनिटं हातात. झालं!"

फोन ठेवून ते विजयी मुद्रेनं वळले. बायको कॉटवर बसली होती. पंधरा दिवसांपूर्वी ती स्टुलावरून पडली होती आणि तिचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"छान," ती म्हणाली. "पण जाणार कोण?"

मास्तरांनी तिच्या पायाकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. आणि खाली बसले.

तासाभरात बातमी चाळभर झाली. पहिले आले खालच्या मजल्यावरचे फौजदारसाहेब. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, पकडलेले चोर आणि अजून न पकडलेले चोर. "मी जातो," ते म्हणाले. "द्या इकडे कागद."

मास्तरांच्या जिवात जीव आला होता. पण तोंडातून भलतंच निघालं. "छे छे! मूळ प्रत दुसऱ्याच्या हाती? आणि प्रवासाचं मला काय सांगता?" इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. बायकोनं कपाळाला हात लावला.

"मग ऐका," फौजदार म्हणाले. "एक, कुणाशी बोलायचं नाही. दोन, कुणाचं काही खायचं-प्यायचं नाही. तीन, कुणी विचारलं कुठे चाललात, तर भलतंच स्टेशन सांगायचं. आणि ही साखळी. पिशवी बाकाला बांधायची. कुलूप नुसतं दाबलं की बसतं."

दुसऱ्या आल्या त्या शेजारच्या शिवणकाकू. त्या दप्तरं, तंबू आणि मोटारींची कव्हरं शिवत. त्यांचं म्हणणं, पिशवी ही काही प्रमाणपत्राची जागा नव्हे, ते अंगावरच हवं. बरं, घडी घालायची तर सुरकुती पडणार, आणि सुरकुती पडली की सरकारी माणूस नाक मुरडणार. "एवढा मोठा कागद सपाट मावेल अशी जागा तुमच्या अंगावर एकच आहे भाऊजी," काकू त्यांच्याभोवती टेप घेऊन फिरत म्हणाल्या. "पाठ!"

आणि त्यांनी मास्तरांच्या बनियनला मागून ताडपत्रीचा खिसा शिवला. आत प्रमाणपत्र घातलं. तोंड बंद करणार, एवढ्यात मास्तरांनाच सुचलं, "थांबा, कुलपाची किल्लीही आत टाका. मी कुठेतरी हरवीन." सगळ्यांना ते पटलं. काकूंनी मेणाच्या दुहेरी दोऱ्यानं चारी बाजू शिवून टाकल्या. दाबलं की बसणारं कुलूप कधीतरी उघडावंही लागतं, हे त्या खोलीतल्या चार शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी सहा-दहाच्या गाडीत मास्तर बसले. खिडकीची जागा मिळाली होती, पण टेकता येईना. टेकलं की ताडपत्री कर्रकन वाजे. पिशवी बाकाच्या पायाला बांधली, कुलूप दाबलं. शेजारची जागा, म्हणजे बायकोची, रिकामी होती. गाडी हलली. उतरावं का? अजून उतरता येईल. तेवढ्यात फलाट संपला.

पाच मिनिटांनी पहिली शंका आली. कागद आहे ना? समोरचा खिसा असता तर चाचपता आला असता. पाठीला हात पोचेना. मास्तरांनी डब्याच्या भिंतीला पाठ लावून हळूच डावी-उजवीकडे घासली. कर्र. आहे. दहा मिनिटांनी पुन्हा शंका. पुन्हा कर्र.

समोर पांढऱ्या साडीतल्या एक नर्सबाई बसल्या होत्या. दर आठवड्याला त्या एकट्याच जंक्शनच्या दवाखान्यात ड्यूटीला जात. अर्धा तास त्यांनी हा प्रकार पाहिला आणि मग हलक्या आवाजात विचारलं, "खरूज आहे का?"

मास्तर लालबुंद झाले. सत्तावीस वर्षं ज्यानं अख्खी रेल्वे डोक्यात वाहिली त्याला रेल्वेतच खरूज विचारली जावी! पण कुणाशी बोलायचं नाही, हा नियम. त्यांनी नुसती मान हलवली.

"लाजायचं नाही त्यात. मलम देते. कुठे निघालात?"

"शेवटच्या स्टेशनाला," मास्तर ठरल्याप्रमाणे खोटं बोलले.

"मग आहे वेळ. घासा निवांत."

आठ वाजता गाडी एका माळावर उभी राहिली आणि उभीच राहिली. मास्तरांच्या पुस्तकात या माळाला थांबा नव्हता. मुलगी आता उठली असेल, तयार होत असेल, घड्याळाकडे बघत असेल. चौदा मिनिटं गेली. मास्तरांना घाम फुटला. मग घाम कागदापर्यंत पोचला तर, या विचारानं आणखी घाम फुटला. अखेर नऊ-वीसला गाडी कशीबशी जंक्शनात शिरली. नऊ-पंचवीसला पाच मिनिटं!

मास्तर ताडकन उठले, पिशवी उचलली. पिशवी उठेना. साखळी. कुलूप. किल्ली...

"अहो, तुम्ही तर शेवटच्या स्टेशनाला जाणार ना?" उतरता उतरता नर्सबाई म्हणाल्या.

"नाही हो! इथेच! पण किल्ली..."

"कुठाय किल्ली?"

"पाठीवर," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज रडवेला झाला.

नर्सबाईंनी एकदा त्यांच्या पाठीकडे पाहिलं, एकदा कुलपाकडे. त्यांना काय समजायचं ते समजलं. "पिशवीत आहे काय?"

"डबा. टॉवेल. पत्त्याची चिठ्ठी."

"मग मरू दे ती पिशवी! उतरा!"

ते उतरले. जिना न चढता समोरच्या फलाटावर आले. फलाट रिकामा होता. रुळांवर एक कुत्रं उभं होतं, आणि नऊ-पंचवीसच्या गाडीचा कुठे मागमूस नव्हता.

चौकशीच्या खिडकीत एक जाड भिंगांचा गृहस्थ बसला होता. मास्तरांनी प्रश्न विचारायच्या आधीच त्यानं पुस्तक काढून आपटलं. तेच पुस्तक. मास्तरांना त्याचं वजनसुद्धा ओळखता आलं असतं.

"नऊ-पंचवीस ना? पुस्तकात आहे. पण गुरुवारी नसते. कधीच नव्हती. आधीच्या पुस्तकात आकड्यापुढे चांदणी असायची, खाली 'गुरुवार सोडून'. या खेपेला चांदणीच खाल्लीय गाढवांनी! पाच महिने झाले, दर गुरुवारी लोक येतात आणि शिव्या मला खाव्या लागतात. तो तपासणारा एकदा भेटू दे मला. फक्त एकदा!"

मास्तरांनी पान पाहिलं. चांदणी नव्हती, आणि पानावर नाही म्हणून त्यांच्या डोक्यातूनही गेली होती. त्यांना तो दिवसही आठवला. संध्याकाळी मुलगी पदवी मागायला आली होती, बापलेकीचं वाजलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यात तेच घोळत असताना हे पान हाताखालून गेलं होतं. मूळ प्रतीत चांदणी होती. खाली मात्र लाल शाईत 'ठीक, छापावे'. त्यांनी पुस्तक हळूच मिटून खिडकीत सरकवलं.

"पुढची कधी?"

"अकरा-चाळीस. दोन-पंचवीसला पोचते."

संपलं. मास्तर फलाटावरच्या बाकावर बसले. टेकले. कर्र वाजलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी रुमालानं टिपलं. चार वर्षं पोर झुरली, आणि दोन वेळा आडवा कोण आला, तर तिचा बाप. एकदा कुलूप लावून आणि एकदा चांदणी खाऊन.

आणि मग त्यांनी जे जन्मात केलं नव्हतं ते केलं. फाटकातून बाहेर पडणाऱ्या नर्सबाईंच्या मागे ते धावले आणि म्हणाले, "बाई, मी खोटं बोललो. मला खरूज नाही. मला यातलं काही कळत नाही. मी पहिल्यांदाच एकटा आलोय. मुलीची नोकरी जाईल. एकच्या आत पोचायचंय. कसं जाऊ?"

नर्सबाई थांबल्या. "एवढंच ना? मागे बसस्टँड आहे. नऊ-चाळीसची बस. पळा! आणि वाटेत अडलं तर विचारायचं. तोंड दिलंय कशाला देवानं?"

बस होती, पण कंडक्टर नव्हता. तो दहाला आला. बसचं पुस्तक मास्तरांनी कधी तपासलं नव्हतं, त्यामुळे पुढे कुठलं गाव येणार, किती थांबणार, काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. वळण आलं, चढ आला, मग एकाएकी नदी आली, न सांगता. मास्तरांनी सवयीनं शेजारी पाहिलं. शेजारी एक पेट्या विकणारा होता. "नदी," मास्तर म्हणाले. "हो की," तो म्हणाला आणि त्यानं खारे दाणे पुढे केले. फौजदारांचा दुसरा नियम आठवला. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि डबा साखळीला बांधून पुढे निघून गेला होता. मास्तरांनी दाणे खाल्ले. काही झालं नाही. चांगले होते.

"एकच्या आत पोचेल का हो?" त्यांनी विचारलं.

"दहाला निघालीय ना, एक-दहा होतील. पुढे रेल्वेच्या फाटकाशी अर्धा तास जातो."

एक-दहा! साडेअकराच्या सुमाराला फाटक आलं. बंद. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि चहाच्या टपरीकडे निघाला. मागोमाग कंडक्टर, मागोमाग अर्धी बस. "एक गाडी वर जाते, मग जंक्शनहून फाट्याची येते, मग उघडतं," पेटीवाला म्हणाला. "रोजचंच आहे."

जंक्शनहून फाट्याची येते. मास्तरांच्या डोक्यात अख्खं पान उघडलं. नऊ-पंचवीसला सुटून या वेळी इथे पोचायची तीच ही. पण आज ती सुटलीच नव्हती, मग येईल कुठून! वरची गाडी धडधडत निघून गेली. फाटकवाला चाकाला हात घालतो न घालतो तोच मास्तर बसमधून उडी मारून टपरीकडे धावले. आयुष्यात पहिल्यांदा ते रस्त्यात ओरडले.

"ड्रायव्हरसाहेब! चला! फाटक उघडतंय! आज दुसरी गाडी नाही! आज गुरुवार!"

"तुम्हाला काय माहीत?" ड्रायव्हर बशी तोंडाला लावत म्हणाला.

"मला नाही तर कुणाला!" मास्तर म्हणाले. "ती चांदणी मीच खाल्लीय!"

ड्रायव्हरला चांदणीचं काही कळलं नाही, पण फाटक उघडलेलं दिसलं. अर्धा कप चहा तिथेच राहिला. बस सुटली. वीस मिनिटं वाचली होती.

बारा-पन्नासला मास्तर शहराच्या स्टँडवर उतरले. चिठ्ठी नव्हती. त्यांनी विचारलं. एकाला, दुसऱ्याला, तिसरीला. प्रत्येकानं हात करून टेकडी दाखवली. ते टेकडी चढले, म्हणजे जवळजवळ पळाले, आणि वेधशाळेच्या दाराशी मुलगी उभी दिसली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"बाबा! चार मिनिटं! कुठाय?"

"पाठीवर."

आत टेबलामागचा कारकून यादीतला दुसरा नंबर फिरवायला फोन उचलत होता. मास्तरांनी त्याच्यासमोर शर्ट काढला. कारकुनानं फोन तसाच हातात धरून ठेवला. मुलीनं टेबलावरची कात्री घेतली आणि शिवणीवर चालवली. काकूंचा मेणाचा दोरा! कात्री मुरगळली. मुलगी दातांनी तोडू लागली. भिंतीवरच्या घड्याळात एकला एक मिनिट कमी. शेवटी कारकून स्वतः उठला, ड्रॉवरमधून पाकिटं फाडायचं पातं काढलं आणि म्हणाला, "काका, हलू नका." खर्रकन ताडपत्री फाटली. आधी किल्ली खाली पडली, मग प्रमाणपत्र बाहेर आलं. कोरडं. एक सुरकुती नाही.

कारकुनानं ते उजेडाशी धरलं. "मूळ प्रत ना?"

"मूळ," मास्तर उघड्या पाठीनं, पण ताठ मानेनं म्हणाले. घड्याळात एक वाजला.

बाहेर आल्यावर मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. मग शर्टाची बटणं लावून देत म्हणाली, "तुम्ही एकटे आलात? खरंच? मी येते जंक्शनपर्यंत सोडायला."

"नको," मास्तर म्हणाले. "आणि ऐक. तो कागद आता तुझ्याजवळच ठेव. माझी चूक झाली. दोनदा झाली."

संध्याकाळी पाचला ते बसनं जंक्शनात परत आले. गाडीला वेळ होता. चौकशीच्या खिडकीशी गेले आणि उभे राहिले.

"तुम्हाला तो तपासणारा भेटायला हवा होता ना? मी तो."

जाड भिंगांमागचे डोळे बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मास्तर वाट बघत होते. पाच महिन्यांच्या शिव्या होत्या, थोडा वेळ लागणारच.

"मग सकाळी तुम्ही स्वतःच...?"

"हो. स्वतःच."

तो माणूस हसायला लागला. हसता हसता चष्मा काढून त्यानं डोळे पुसले. मग लाल पेन पुढे केलं आणि कपाट उघडलं. आत वेळापत्रकाच्या वीस प्रती होत्या. मास्तर आत जाऊन स्टुलावर बसले आणि प्रत्येक प्रतीत नऊ-पंचवीसपुढे चांदणी काढत गेले, खाली 'गुरुवार सोडून'. मध्ये त्यानं दिलेला चहाही प्यायले.

पाच-चाळीसची गाडी लागली. सकाळचीच गाडी ती, शेवटच्या स्टेशनाला जाऊन परत आलेली. मास्तर त्याच डब्यात चढले. खिडकीशी, बाकाच्या पायाला बांधलेली त्यांची पिशवी जशीच्या तशी होती. दिवसभर एकटी जाऊन सुखरूप परत आली होती. त्यांनी किल्ली लावली, डबा काढला आणि पाठ टेकून बसले.

रात्री जेवणं झाल्यावर फौजदार आणि शिवणकाकू सगळं ऐकून गेले. म्हणजे मास्तरांनी त्यांना जेवढं सांगितलं तेवढं. बायकोला मात्र त्यांनी काही वगळलं नाही. खरूज, चांदणी, बाकावरचं रडू, सगळं सांगितलं.

"एकटं जाणं म्हणजे काय असतं, ते तुला नाही कळायचं," ते शेवटी म्हणाले.

"मला?" प्लास्टरचा पाय उशीवर ठेवत बायको म्हणाली. "एकतीस वर्षं एकटीच जातेय मी. तुम्ही सामानात असायचात."

कोपऱ्यात पिशवी पडली होती, तिला साखळी तशीच होती.

"मग तुला कधी भीती नाही वाटली?"

"वाटायची ना. दर वेळी वाटायची. फलाट चुकेल, गाडी चुकेल, काय काय." तिनं दिवा मालवायला हात लांब केला. "पण तुम्ही म्हणायचात, आता नदी येईल. आणि यायची हो. तेवढ्यावर भागायचं माझं."